सरांनी लावलेली ओळ

शाळेची कौलं यंदा कोंडाजीशिवाय शाकारली गेली आणि गळली नाहीत. त्याला खुपत होतं ते एवढंच.

आषाढ लागला होता. पाऊस असा की ओसरीवरून समोरची चिंच दिसेना. कोंडाजी गोणपाट पांघरून बसला होता आणि चिंचेपलीकडं जिथं शाळा असायला हवी तिकडं टक लावून बघत होता. समिधा दप्तर डोक्यावर धरून धावत आली, तशी त्यानं पोरीला उंबऱ्यातच अडवलं.

"गळतं का गं वर्गात?"

"नाय."

"खिडकीच्या अंगाला? फळ्यावर?"

"कुठंच नाय गळत, बाबा. सर म्हनले, यंदा बादल्या ठेवायला नको."

"सर म्हनले, सर म्हनले!" कोंडाजी अंगणात थुंकला. "घरात आलीस की दुसरं काय बोलायला येत नाय का तुला?"

पोर आत पळाली. आतून त्याची बायको बायजा म्हणाली, "तिच्यावर कशाला डाफरता? गळत नाय तर नाय. चांगलंच हाय की."

चांगलं काय आहे त्यात, हे कोंडाजीला कळेना. दरसाल शाळेवर तो चढायचा. दरसाल तीन-चार जागी बादल्या ठेवाव्या लागायच्या, पण त्या बादल्या ठेवताना सुद्धा लोक म्हणायचे, कोंडाजी होता म्हणून एवढं तरी निभलं. आता बादल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर कोंडाजीही गेला.

दुसऱ्या दिवशी पाऊस आणखी वाढला तेव्हा तो उठून शाळेतच गेला. शाळा समितीच्या अध्यक्षाला शाळेत जायला कुणाची परवानगी लागत नाही. कपिल सर पोरांना भागाकार शिकवत होते. कोंडाजी वर्गाच्या मधोमध उभा राहिला आणि मान वर करून कौलांकडं बघू लागला. रीप बघितली, वासे बघितले, आढ्याचा कोपरा बघितला. सगळी पोरंही माना वर करून बघायला लागली.

एक थेंब पडला. टप्.

कोंडाजीचा जीव हरखला. "बघा!" तो म्हणाला.

"बाबा," समिधा खाली बघत म्हणाली, "तुमच्या खोळीवरनं पडला तो."

डोक्यावरच्या प्लास्टिकच्या खोळीचं पाणी त्याच्याच पायाशी साचलं होतं. पोरं हसली. सरांनी पोरांना गप्प केलं आणि खुर्ची पुढं केली. "बसा ना, अध्यक्ष."

"बसायला नाय आलो," कोंडाजी म्हणाला आणि तसाच भिजत घरी गेला.

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणजे काय, ते कायद्यात लिहिलेलं आहे. पालकांमधून निवडायचा, दर महिन्याला बैठक घ्यायची, मुख्याध्यापक सचिव. गावात हे कुणी वाचलेलं नाही. गावात अध्यक्ष म्हणजे ज्याला विचारल्याशिवाय काही होत नाही असा माणूस. आधीच्या म्हाताऱ्या गुरुजींना हे ठाऊक होतं. वैशाख लागला की ते कोंडाजीच्या ओसरीवर यायचे, पान जमवायचे आणि म्हणायचे, "कोंडाजी, शाळेवर चढायचं तर तुझ्याशिवाय कोण?" कोंडाजी म्हणायचा, यंदा सवड नाय. गुरुजी परत म्हणायचे. कोंडाजी परत नाय म्हणायचा. तिसऱ्यांदा म्हटलं की हो. दोघांनाही हे पाठ होतं, आणि दोघांनाही त्यात लाज वाटत नव्हती.

गुरुजी निवृत्त झाले आणि भिवपुरीकडचे कपिल सर आले. तीस-बत्तीस वर्षांचा माणूस, बौद्ध समाजातला, बोलायला नेमका. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तेही कोंडाजीच्या ओसरीवर आले होते. बसले. बायजा पाणी घेऊन आली. घरातला घासलेला तांब्या नाही. खिडकीत दाढीच्या सामानाशेजारी एक काचेचा ग्लास असायचा, त्यातून. आमच्या गावात अजून घराघरात असा एक ग्लास असतो, आणि विचारलं तर कुणाच्याच घरात नसतो. सरांनी ग्लासाकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. म्हणाले, "तहान नाही." थोडं शाळेचं बोलले आणि उठले.

त्यानंतर त्या ओसरीवर त्यांनी पाय ठेवला नाही. उद्धट बोलले नाहीत, बैठकीत मान दिला, चहा आधी अध्यक्षांना. पण काम सांगायचं ते फोनवरच्या ग्रुपात. 'सर्व सदस्यांना कळविण्यात येते की'. कोंडाजी ते वाचून दात खायचा. "मला कळविन्यात येतं? मला?"

उन्हाळ्यात बैठकीत कौलांचा विषय निघाला. कोंडाजी म्हणाला, "माझ्यावर सोडा."

"कधी चढायचं?" सरांनी विचारलं.

"चढू की."

आणि घरी येऊन तो वाट बघत बसला. सर येतील, ओसरीवर बसतील, म्हणतील की तुमच्याशिवाय कोण. त्याचं नाय म्हणणंही तयार होतं. सरांनी शाळेत दोनदा विचारलं, ग्रुपात विचारलं. ओसरीवर आले नाहीत. आभाळ भरून यायला लागलं तेव्हा समितीच्या उपाध्यक्ष चंद्रभागाबाई, बौद्धवाडीतली पिकल्या केसांची बाई, बैठकीत म्हणाली, "कशाला कुनाची मनधरनी? सावड घाला."

सावड म्हणजे आज तुम्ही माझ्याकडं राबायचं, उद्या मी तुमच्याकडं. मजुरी नाही. शेताला शेत, कंबरेला कंबर. दशरथ मागून ओरडला, "आमी शाळेवर राबतो वो, पन शाळा आमच्या शेतात कशी येनार?" सगळे हसले.

"शाळा नाही, मी येईन," सर म्हणाले. "ज्या घरातून माणूस येईल, त्याच्या लावणीला रविवारचे दोन तास माझे."

लोक आणखी हसले. पण आले. घराघरातून आले. कोंडाजीनं त्या दिवशी सकाळीच धुतलेला सदरा चढवला, बायजाला सांगितलं, "तू तिकडं फिरकलीस तर बघ," आणि कशेळ्याला जाऊन जीपच्या थांब्यावर बसला. चहा पीत राहिला. फोन हातातच होता. आढ्याशी अडतील, तिथं कौल कसं बसवायचं ते एकट्या आपल्यालाच येतं, मग फोन येईल. संध्याकाळी शेवटच्या जीपला लोंबकळत तो परत आला तेव्हा शाळेवर नवी-जुनी कौलं एका रेषेत बसली होती, आणि खाली पोशा, त्याचा शेजारी, हातपाय धूत होता.

"कुठं व्हतास रं कोंडादा?" पोशा म्हणाला. "आढ्याला जरा अडलो. मग सरांनी मोबाईलवर बगितलं नि जमलं."

लावणी सुरू झाली आणि खरा जाळ तिथून लागला.

दशरथाचं खाचर कोंडाजीच्या खाचराला लागून. मधे एक बांध. रविवारी सर हाफ पँट घालून दशरथाच्या चिखलात उतरले. त्यांना लावणी येत नव्हती. रोपांची मूठ सोडून चार-चार काड्यांची चूड रोवायचे आणि पाय उचलला की चूड तरंगून वर. दशरथाची आई कंबरेवर हात ठेवून हसायची. "अरं मास्तरा, भात लावतोस का टिळा लावतोस? आत घाल बोटं!" बायका खिदळायच्या. सरही हसायचे. ते हसू बांधावरून इकडं यायचं.

इकडं दोघंच होती. कोंडाजी आणि बायजा, दोन वाकलेल्या पाठी. गावातली जवान माणसं खोपोलीच्या कारखान्यांत जातात, उरलेली सावडीत. यंदा कोंडाजी कुणाच्याच सावडीत नव्हता. शाळेवर आला नाही तो आपल्याकडं काय येणार, असं कुणी बोललं नाही. बोलावलं नाही, एवढंच. बायजाच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. कातडी पांढरी पडून सोलायला लागली होती. ती रोज हळद-तेल भरायची आणि रोज परत चिखलात उभी राहायची.

कोंडाजीचं लक्ष चिखलात नव्हतंच. "हसतोय बघ कसा. शिकवायला पगार घेतो नि हितं हसतो."

"तुमी खाली बगा. तिरकं चाललंय तुमचं."

"माझं तिरकं?"

"तुमचंच." बायजा सरळ झाली. पाठीत कट्कन आवाज आला. "अवो, एकदा जावा त्याच्याकडं. म्हनावं, चुकलं."

"काय चुकलं माझं?"

"ग्लास."

कोंडाजीनं चिखलात एक चूड खुपसली. मग म्हणाला, "तो तू आनलास."

"मी आनला. डोळ्यानं खुनावलं कोनी?"

पुढच्या रविवारी सर पोशाच्या शेतात होते. त्याच्या पुढच्या रविवारी मुसळधार पावसात नागू म्हातारीच्या. नागूचं शेत एवढंसं, चटईएवढं. तिथंसुद्धा! कोंडाजी बांधाबांधानं लपत जाऊन बघून आला. सर आता बरं लावत होते. नागू त्यांच्या डोक्यावर आपलं इरलं धरून उभी होती, आणि स्वतः भिजत होती. कोंडाजीच्या छातीत काहीतरी चावलं. आपल्या बापानं मरताना आपल्या डोक्यावर हात ठेवला नव्हता, धाकट्याच्या ठेवला होता. तेव्हा चावलं होतं तसंच.

तो माणूस आपल्याला नको होता, हे खरं होतं. तो आपल्या शेतात का नाही, हेही तितकंच खरं होतं. या दोन्हींतून बाहेर पडायची वाट त्याला सापडली ती कशेळ्याच्या टायपिंगच्या दुकानात.

तक्रार त्यानं तोंडी सांगितली, दुकानदारानं ती साहेबी भाषेत उतरवली. मुख्याध्यापक शेतमजुरी करतात. शाळेच्या वेळेत करतात. पोरांनाही चिखलात उतरवतात. पहिलं अर्धं खरं, बाकीची दोन साफ खोटी. कोंडाजीनं सही ठोकली. खाली 'अध्यक्ष' असं ठळक अक्षरात बघून त्याला कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

विस्तार अधिकारी चौकशीला येणार, हे ग्रुपातच आलं. 'सर्व सदस्यांना कळविण्यात येते की'. समिधानं मोठ्यानं वाचलं आणि फोन खाली ठेवला.

"बाबा, सर जानार?"

"वरचे बगतील."

बायजा चुलीपुढून उठून आली. हातात उलथनं. "तुमीच केलंत."

"अध्यक्ष हाय मी. माझं कामच हाय ते."

"हा गेला की वरचे दुसरा धाडनार नायत. पोरं कमी म्हनून शाळा कशेळ्याला जोडतील. मग ही पोरगी पावसात जीपच्या मागं लोंबकळत जाईल? का घरात बसवाल नि माज्यासंगं चिखलात घालाल?" तिनं पाय पुढं केला. सोललेली बोटं चुलीच्या उजेडात लाल दिसत होती. "हे बगा. हे द्यायचंय तिला?"

कोंडाजी त्या पायाकडं बघत राहिला. पण एवढ्यानं माणूस बदलत नाही.

साहेब आले तेव्हा पाऊस थांबला होता. बूट काढून ते शाळेच्या पडवीत खुर्चीवर बसले. समोर सर उभे. एका बाजूला कोंडाजी, धुतलेल्या सदऱ्यात. बाकीचा गाव कट्ट्यावर, शेतातून उठून आलेला, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. साहेबांनी तक्रार वाचून दाखवली. कट्ट्यावरच्या सगळ्यांचे डोळे कोंडाजीकडं वळले.

"शेतात काम करता तुम्ही?" साहेबांनी सरांना विचारलं.

"करतो. रविवारी."

"मजुरी घेऊन?"

"नाही. सावड आहे. यांनी कौलं शाकारली, मी लावणी केली."

"शिक्षकानं असलं करायचं नसतं."

"अवो साहेब," पोशा बसल्या जागेवरून म्हणाला, "यवढं काय त्यात? आमी कौलं चढवली, त्यांनी कंबर मोडून घेतली. फिट्टंफाट."

"तुम्ही मधे बोलू नका. शाळेच्या वेळेत जात होते का? मुलं नेली होती का?"

चंद्रभागाबाई उभी राहिली. "मी उपाध्यक्ष हाय. पोरं नेली नायत. माजा नातू हाय शाळेत, चिखल लागला असता तर मीच धुतला असता."

"तुम्ही सगळे यांच्या बाजूचे," साहेब वैतागले. "ज्यांच्या शेतात हे गेले, ते सगळे हात वर करा."

दशरथानं हात वर केला. पोशानं केला. नागू म्हातारीनं दोन्ही हात वर केले. "वाकडं लावलं, पन लावलं," ती म्हणाली. कट्ट्यावर हात वर होत गेले. होता होता कट्ट्यावर एकही हात खाली राहिला नाही.

साहेबांनी मान हलवली. "म्हणजे सगळ्यांचा यात फायदा. बरोबर." मग ते कोंडाजीकडं वळले. आवाज मऊ केला. "आणि अध्यक्ष, तुमच्या शेतात?"

इथं कोंडाजीनं फक्त 'नाय' म्हणायचं होतं. ते खरंही होतं. ज्याचा काही फायदा झाला नाही असा एकच माणूस गावात, आणि त्याचीच तक्रार. साहेब तेच लिहून घ्यायला पेन उचलून बसले होते. सर गेल्यातच जमा होते.

कोंडाजीनं तोंड उघडलं. कट्ट्याकडं बघितलं. वाळलेल्या चिखलाच्या पोटऱ्या, वर धरलेले हात. नागूसुद्धा. ज्या नागूला गावात कुणी लग्नाची अक्षत देत नाही, तीसुद्धा हात वर करून बसली होती. आणि पोशाच्या ओठांच्या कोपऱ्यात एक बारीक हसू होतं. साऱ्या गावात एकच शेत टाकलं मास्तरानं, ते अध्यक्षाचं. हे आता भर पडवीत, साहेबाच्या पुढं, स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

"आले की," कोंडाजी म्हणाला.

"काय?"

"आले की माझ्याकडं. सगळ्यांच्या आदी आले. पैला रविवार माझाच."

पेन थांबलं. सरांनी पहिल्यांदा मान उचलून त्याच्याकडं बघितलं.

"तुमच्या शेतात काम करून घेतलंत, आणि तुम्हीच तक्रार करता?" साहेबांचा आवाज चढला. "शाळेच्या वेळेत आले होते का?"

"नाय नाय. म्हनलं ना, रविवार."

"मुलं?"

"पोरं कशाला येतील वो चिखलात!"

साहेबांनी कागद घडी करून पिशवीत टाकला. ते बूट घालताना म्हणाले, "अध्यक्ष, पुढच्या वेळी सही करण्याआधी वाचून घेत जा. माझा दिवस फुकट घालवलात." सरांना रविवारचंही जरा जपून, असं सांगून ते गेले. कट्ट्यावरची माणसं उठली. पोशा जाता जाता म्हणाला, "पैला रविवार का? तवा मला कसे दिसले नायत रं सर?" आणि खोकल्याचं सोंग करत पुढं गेला.

पुढच्या रविवारी कोंडाजीचं रस्त्याकडंचं शेवटचं खाचर तेवढं लावायचं राहिलं होतं. उशीर झाल्यानं रोपं पिवळी पडली होती. दोघं चिखलात उतरतात तोच रस्त्यावर मोटरसायकल थांबली. सर उतरले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"कुठून धरू, कोंडाजीभाऊ?"

कोंडाजीच्या हातातली मूठ गळून पडली. "सर, तुमी कशाला... तो विषय मिटला."

"तुम्ही साहेबांना सांगितलंत मी आलो होतो. माझ्या नावानं खोटं राहिलेलं मला चालत नाही. शिवाय तुमच्यामुळं माझी नोकरी जाग्यावर राहिली. ते अंगावर ठेवायचं नाही मला."

बोलणं सरळ होतं, त्यात गोडी नव्हती. कोंडाजीला ते जाणवलं नाही असं नाही, पण तोवर त्याची छाती फुगली होती. तो पुढं झाला, सरांना जागा दाखवली, चूड कशी धरायची ते दाखवलं. "बोटं आत, अंगठा वर. हां. दशरथानं असं दाखवलं नसंल तुमाला." सर वाकून लावत राहिले. कोंडाजी मात्र दर चुडीला मान वर करून रस्त्याकडं बघत होता. नेमका त्या दिवशी रस्ता ओस. शेवटी एक जीप आली तेव्हा तो गरजेपेक्षा मोठ्यानं ओरडला, "सर, कंबर दुखली तर सांगा हां!" जीपच्या काचा बंद होत्या.

बायजा घरी जाऊन पाणी घेऊन आली. घरातला तांब्या. राखेनं घासून आरशासारखा केलेला. पदर सावरून तिनं तो पुढं धरला.

सरांनी चिखलाचे हात धुतले. मोटरसायकलपाशी गेले, डिकीतून आपली बाटली काढली आणि तिच्यातून प्यायले.

"आहे माझ्याकडं, वहिनी," ते म्हणाले. हळूच म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"चार घास खाऊन जावा," बायजा म्हणाली.

"घरी वाट बघतात." पँट खाली सोडून ते गेले.

खाचराच्या कडेला सरांची ओळ होती. सुरुवातीला ठीक, मधे फुगलेली, शेवटाला पार बांधावर चढलेली. बायजा ती सरळ करायला वाकली.

"ऱ्हाऊ दे!" कोंडाजी ओरडला.

"वाकडी हाय."

"ऱ्हाऊ दे म्हनलो ना. रस्त्यावरनं दिसली पायजे."

पोशा डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्यानं येत होता. तो थांबला. "कोंडादा, ही ओळ कोनी लावली रं? म्हशीनं?"

"सरांनी." कोंडाजी कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "सकाळधरनं होते. तुझ्याकडं होते का रं यवढा वेळ?"

"नाय बा. माझ्याकडं लवकर उठले."

"हां!"

"जेवायला उठले. माज्या आयशीनं सोडलंच नाय. तिच्या शेजारी बसून जेवले." पोशानं भारा सावरला. "तुझ्याकडं काय जेवले?"

पोशा थोडा थांबला, मग चालू लागला. बायजा बांधावर उभी होती. तिच्या हातातला तांब्या भरलेलाच होता. तिनं तो त्या वाकड्या ओळीच्या मुळाशी ओतला आणि मागं न बघता घराकडं निघाली.

"बायजे!" कोंडाजी चिखलातून ओरडला. "पोशाकडं काय जेवला असंल गं तो? भात का भाकरी?"